डबल कॉइल सबवूफर अँपला जोडताना आधी ओहम मोजा

गाडीत सबवूफर (बेससाठीचा मोठा स्पीकर) लावताना अँप, म्हणजे अँप्लिफायर, जळण्याचं हमखास कारण म्हणजे ओहमचा (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या मापाचा) चुकलेला हिशेब. म्हणून वायर सोलण्याआधी दोन लेबलं वाचा: वूफरच्या मॅग्नेटवर किती ओहमच्या किती कॉइल (तारेची वेटोळी) लिहिल्यात आणि अँप कमीत कमी किती ओहमवर चालतं.

4 ओहमच्या दोन कॉइलचा 12 इंची वूफर धरू. प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं की पॅरलल, म्हणजे 2 ओहम. एका कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला दिला की सिरीज, म्हणजे 8 ओहम. मग त्याच अँपची ताकद बरीच कमी मिळते. असेच दोन वूफर घेऊन चारही कॉइल पॅरलल केल्या तर 1 ओहम होतो, आणि घोटाळा इथेच होतो. कमीत कमी 2 ओहमवर चालणारं मोनोब्लॉक (एकाच चॅनलचं अँप) अशा वेळी प्रोटेक्टमध्ये जातं, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतं, किंवा जळतं. त्याला दोन वूफर लावायचेच असतील तर 2 ओहमच्या डबल कॉइलचे घ्या: प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये करून 4, मग दोघे पॅरलल करून 2. टू-चॅनल अँप ब्रिज केलं असेल, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एक केले असतील, तर बहुतेकांना किमान 4 ओहम लागतात.

जोडणी झाली की अँपला वायर देण्याआधी बॉक्सच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. 2 ओहमच्या जोडणीला साधारण 1.6 ते 1.8 दिसेल, डीसी रेझिस्टन्स नेहमी थोडा कमीच असतो. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. नंतर 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: सेलचा प्लस प्लसला असताना वूफरचा कोन (पडदा) बाहेर यायला हवा. दोन वूफरपैकी एक आत आणि एक बाहेर गेला, तर वाजताना ते एकमेकांचा बेस खातील.

आता पॉवर. बॅटरीचा मायनस आधी काढा. 500 वॉट आरएमएसचं (सलग मिळणाऱ्या ताकदीचं) क्लास डी अँप पूर्ण ताकदीवर अंदाजे 45 अँपिअर ओढतं. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर जाते, त्यामुळे शुद्ध तांब्याची 4 गेज (वायरच्या जाडीचं माप) घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर स्वस्त पडते, पण तीत वाटेतच व्होल्टेज जास्त घटतं. 60 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा. तो अँपपेक्षा वायर वाचवण्यासाठी असतो: पत्र्याला घासून वायर शॉर्ट झाली आणि फ्यूज डिकीत असेल, तर मधली सगळी वायर पेटते. बोनेटमधून आत येताना भोकाला रबरी ग्रोमेट लावाच.

अर्थिंगला घाई नको. अँपपासून अर्ध्या मीटरच्या आत बॉडीचा जाड पत्रा शोधा, पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत धातू दिसू द्या, वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं थिंबल (धातूची कडी) बोल्टने आवळा आणि वरून गंज न लागण्यासाठी ग्रीस लावा. वायर तीच, 4 गेज. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर पहिला संशय इथलाच. आरसीए (स्टिरिओतून अँपला सिग्नल नेणारी केबल) पॉवर वायरपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

शेवटी गेन, म्हणजे स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवणारा नॉब. तो आवाजाचा नॉब समजून पूर्ण फिरवला की आवाज फाटतो आणि कॉइल तापून जळते. बेस बूस्ट शून्यावर, लो-पास (ठरावीक मर्यादेवरचे सूर अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर ठेवा. वूफर सोडवून स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर 50 हर्ट्झचा टोन वाजवा आणि गेन कमीपासून हळूहळू वाढवत अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. थांबायचा आकडा असा काढा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: 500 वॉट, 2 ओहमला 31.6 व्होल्ट. वूफरचं आरएमएस 300 असेल तर 24.5 ला थांबा.