संस्थानी तह वाचताना या चुका टाळा

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की दरवर्षी तेच. 'तैनाती फौज वेलस्लीने आणली, राजाने सही केली, राज्य बुडाले.' दीडशे वर्षांचा कारभार तीन वाक्यांत आटोपला! पोरांना घाई असते, आणि गाइडवाले त्या घाईवरच जगतात.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे निजामाची तैनाती फौज (तहानुसार संस्थानाच्या खर्चाने तिथे ठेवलेली इंग्रजांची फौज) आणि हैदराबाद कंटिन्जंट ही दुसरी फौज एकच समजणं. इथे बोलायचा अधिकार मला आहे, कारण ती मीही केली आहे. वऱ्हाडातल्या एका व्याख्यानात मी ठासून सांगितलं, की तैनाती फौजेचा पगार थकला म्हणून १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मागच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, "मग सर, १८०० साली बेळ्ळारी-कडप्पा कशासाठी दिलं होतं?" घसा कोरडा पडला. तो मुलूख त्या फौजेच्या खर्चापोटीच दिला होता. म्हणजे तिचा पगार तिथेच मिटला होता, थकणार कुठून?

कंटिन्जंट वेगळी. १८०० च्या तहानुसार युद्ध झालं तर निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ द्यायचं होतं. बोली युद्धापुरती. प्रत्यक्षात त्यातून शांततेतही उभी राहणारी फौज तयार झाली. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा), पगार निजामाच्या तिजोरीतून. तिच्या थकबाकीपोटी वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दोआब गेले. १८६० मध्ये शेवटचे दोन परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिलं ते राहिलंच, आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडे गेलं. त्या व्याख्यानापासून तह हाती आला की मी मैत्रीची कलमं सोडून आधी पैशाचं कलम शोधतो, पेन्सिलने खूण करतो आणि मगच पहिल्या पानावर येतो. शास्त्रीय पद्धत वगैरे नाही, खोड आहे.

दुसरी चूक साताऱ्याची. १८१९ च्या तहात इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंहांना आणि त्यांच्या वारसांना मुलूख कायमच्या सार्वभौम हक्काने दिला, हे वाचून लोक तह मिटतात. अरे, पुढचं वाचा! हा मुलूख इंग्रज सरकारच्या अधीन राहून, त्यांना सहकार्य करत आणि त्यांच्या प्रतिनिधीच्या सल्ल्याने सांभाळायचा, आणि परराज्यांशी परस्पर व्यवहार करायचा नाही, असंही तिथेच आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप याच कलमामुळे महागात पडला. १८३९ मध्ये प्रतापसिंह पदच्युत होऊन काशीला गेले. रंगो बापूजी त्यांची बाजू घेऊन लंडनमध्ये वर्षानुवर्षं झगडले, काही उपयोग झाला नाही. त्यांच्या जागी गादीवर बसवलेले धाकटे भाऊ शहाजी १८४८ मध्ये वारले, तेव्हा दत्तक नाकारून राज्यच खालसा केलं. 'वारस' हा शब्द तहात होता, पण वारस कोण हे कंपनीने ठरवलं. मी विद्यार्थ्यांना विचारतो, या शब्दाचा अर्थ लावायचा अधिकार कुणाकडे? बहुतेक जण माझ्याकडे बघत बसतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. रेसिडेंटला नुसता दूत समजू नका. प्रत्येक संस्थानाचा तह एकाच साच्यातला नसतो, सातारा आणि हैदराबाद वरच्या दोन परिच्छेदांतच वेगळे दिसले असतील. वसईच्या तहाची (३१ डिसेंबर १८०२) तारीख पाठ करताना दोन महिन्यांपूर्वीची हडपसरची लढाई विसरू नका. होळकरांनी पुणं घेतल्यावर पळालेला पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांच्या तैनाती फौजेसाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायला तयार झाला, यात स्वखुशी कितपत ते तुम्हीच बघा.

आणि एकाच भाषेतली प्रत वाचून निकाल देऊ नका. इथिओपिया आणि इटलीच्या १८८९ च्या वुचाले तहाच्या अम्हारिक प्रतीत सम्राट मेनेलिक परराष्ट्र व्यवहारासाठी इटलीची मदत 'घेऊ शकतील' असं होतं, तर इटालियन प्रतीत ती घेणं बंधनकारक होतं. त्या एका क्रियापदाच्या जोरावर इटलीने जगाला सांगितलं की इथिओपिया आमच्या संरक्षणाखाली आहे. मेनेलिकनी तह झुगारला आणि १८९६ मध्ये आडवा या गावाजवळच्या लढाईत इटलीचा दणदणीत पराभव केला. साताऱ्याकडे असं सैन्य नव्हतं.