खापर उचलण्याआधी: प्राचीन वस्तू वाचताना या चुका टाळा

पावसाळा सरला की नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर खापरं उघडी पडतात. नक्षीचा एखादा तुकडा दिसला की हात आपोआप पुढे जातो, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. ते खापर कोणत्या थरात होतं, शेजारी चूल होती की कोठार, राख होती की हाडं, यावरूनच त्या काळच्या माणसांचं जगणं कळतं. जागेवरून हलवलेलं खापर निम्मंअधिक मुकं होतं.

दायमाबाद या प्राचीन वस्तीचं उदाहरण घ्या. प्रवरेकाठी १९७४ साली झुडपाची मुळं खणताना तांब्याच्या चार भरीव वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. चारही मिळून साठ किलोंहून जास्त. खणणाऱ्याचा यात काहीच दोष नाही. पण उत्खननात थर नोंदवत त्या निघाल्या नसल्यामुळे त्यांचा काळ नेमका कोणता, यावर अभ्यासकांत वाद झाला. कुणी त्या उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळाच्या मानल्या, तर कुणी धातूत मिसळलेल्या आर्सेनिकवर बोट ठेवून त्या काळाबद्दल शंका घेतली.

दुसरी चूक म्हणजे सापडलेली वस्तू लगेच धुऊन लख्ख करणं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात एका प्राचीन वस्तीचं उत्खनन केलं. त्यात घराच्या जमिनीखाली डोकं नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला, तेही न भाजलेल्या मातीचे. अशी मूर्ती नळाखाली धरली तर हातात चिखल उरेल. भाजलेल्या भांड्यालाही आत चिकटलेली काजळी, अन्नाचा थर असतो. घासणीने तो गेला की भांड्यात काय शिजलं हे कधीच कळणार नाही.

आता जी चूक जाणकारही करतात ती. इनामगावला प्रौढांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले दिसतात. ‘मृताने परत येऊ नये म्हणून’ असं त्याचं स्पष्टीकरण सर्रास सांगितलं जातं. ते पटण्यासारखं आहे, पण तो अर्थ आहे, पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे तोडलेले पाय. याच वस्तीत पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत होते, आणि घरालगत धान्याचं कोठार होतं. दफन, घर आणि कोठार अशा तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ‘हा वस्तीचा प्रमुख असावा’ हे म्हणणं वजनदार ठरतं. नुसत्या रांजणावरून तसं म्हणता आलं नसतं. मला हा सगळा अभ्यास मोलाचा वाटतो तो या संयमासाठी.

भांडी बदलली म्हणजे माणसं बदलली, हा निष्कर्षही घाईचा. इ.स.पू. १००० च्या सुमारास इनामगावची चौकोनी घरं मागे पडून गोल झोपड्या आल्या, भांडीही ओबडधोबड झाली. परकी टोळी आली असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. उत्खनकांनी मात्र पाऊस घटणं, शेती खालावणं ही कारणं तपासली आणि परिसरातल्या फासेपारध्यांच्या झोपड्यांशी तुलना केली. अशी तुलना शक्यता सुचवते, सिद्ध काहीच करत नाही. आजचे पारधी म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं नव्हेत.

टोपल्या, दोर, कापड, लाकूड आपल्या मातीत सहसा टिकत नाही. म्हणून ‘सापडलं नाही’चा अर्थ ‘नव्हतं’ असा काढू नका.

शेतात काही निघालंच तर नांगर थांबवा. वस्तू जागेवरच ठेवून शेजारी मापासाठी पट्टी किंवा नाणं ठेवा, फोटो काढा, गट नंबर आणि किती खोलीवर मिळालं ते लिहा. मग तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.