पाणपक्ष्यांसाठी स्पॉटिंग स्कोप घेताय? आधी ट्रायपॉडचं बघा

लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट हे चिखलात चरणारे दोन छोटे, सारखे दिसणारे पक्षी. लिटल स्टिंटचे पाय काळे आणि टेमिंक्स स्टिंटचे पिवळट, पुस्तकात एवढं सोपं असतं. पण नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरला चिमणीएवढा पक्षी दीडशे मीटर लांब चिखलात तुरुतुरु पळत असतो तेव्हा ८x४२ च्या दुर्बिणीतून पाय धड दिसत नाहीत, रंग तर सोडाच. स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, लागतो तो इथे.

ऑनलाइन शोधलं की निम्मे स्कोप हंटिंगच्या नावाने दिसतात. आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे, पण तो स्कोप बघायचाच असतो त्यामुळे पक्ष्यांनाही तितकाच चालतो. फक्त रायफल स्कोप चुकून मागवू नका, ते वेगळं प्रकरण.

आता आकडे. २०-६०x८० म्हणजे वीस ते साठ पट मोठं दिसणार आणि पुढची काच ८० मिमीची. आपण सगळे आधी ६० ला भुलतो, मीही भुललो होतो. पण ८० ला २० ने भागा, ४ येतात, ६० ने भागा, जेमतेम १.३. डोळ्यात जाणारा प्रकाशाचा झोत एवढ्या मिमीचा असतो, म्हणून झूम वाढवला की चित्र अंधारत जातं. त्यात दहा वाजल्यानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते आणि साठवर पक्षी उकळत्या पाण्यात असल्यासारखा दिसतो, त्याला कुठलीही महागडी काच काही करू शकत नाही. माझं बहुतेक काम २५-३० वरच होतं. म्हणून झूमपेक्षा ईडी काचेला (रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेला) पैसे द्या, म्हणजे पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ दिसत नाही.

गाडीने फिरत असाल तर ८० मिमी, एसटी आणि पायपीट असेल तर ६५, खांद्याला फरक कळतो. आयपीस (डोळा लावायची काच) तिरका असलेला घ्या, म्हणजे उंच-बुटकी सगळी माणसं ट्रायपॉड न हलवता आळीपाळीने बघू शकतात. फक्त पक्षी सापडायला सुरुवातीला जरा वेळ लागतो, आठवड्यात सवय होते. चष्मा असेल तर आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसायला डोळा आयपीसपासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर) १५ मिमीच्या वर हवा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात.

आणि ट्रायपॉड!! हे मनापासून सांगतोय, पंधरा हजारांचा स्कोप आणि आठशे रुपयांचा मोबाईलवाला ट्रायपॉड असं करू नका. खाडीवर वारा असतो, तीस पट झूमला थोडासा हादरा पण तीस पट दिसतो. जड पाय, फ्लुइड हेड (झटका न देता सावकाश वळणारं डोकं), मधला दांडा शक्यतो खालीच ठेवायचा.

दुकानात काचेआडून बघून ठरवू नका, बाहेर या, लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचा, आकाशावर दिसणाऱ्या विजेच्या तारेच्या कडेला जांभळी रेघ येते का बघा, झूम पूर्ण वाढवूनही फोकस टोकदार बसतो का ते बघा. सूर्याकडे कधीच नाही.

भिगवणला होडीत बसणार असाल तर स्कोप काठावरच ठेवा, होडी डुलते, काही दिसत नाही, तिथे दुर्बीणच बरी. अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर मात्र भरतीच्या दोन तास आधी ट्रायपॉड लावून शांत बसा, पाणी चढतं तसे पक्षी आपणहून जवळ सरकतात आणि नशीब असेल तर अभ्यासकांनी पायात अडकवलेल्या रंगीत फ्लॅगवरचा (पट्टीवरचा) कोडसुद्धा वाचता येतो.