घरच्या रेकॉर्डिंगसाठी छोटा पीसी घेताय? आधी ही तयारी करा

मशीन बघायला जायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर एवढंच लिहा की तुमच्याकडे एका वेळी किती माइक लागणार. लोक उलटं करतात, आधी प्रोसेसर, मग रॅम, मग माइकचा विचार, आणि तोपर्यंत पैसे संपलेले असतात. आमच्या घरी दर गुरुवारी भजन बसतं, पेटी, पखवाज, एक मुख्य गाणारा आणि मागे टाळकरी, तर पखवाजाला दोन माइक (एक शाईकडे, एक धुमेकडे), पेटीला एक, गळ्याला एक, झाले चार, टाळ काय कसेही सगळ्या माइकमध्ये शिरतातच. म्हणजे मला चार माइक लागणारा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा छोटा खोका) पाहिजे. इथे नीट बघून घ्या, काही इंटरफेसवर चार इनपुट असं लिहिलेलं असतं पण त्यातले माइकचे दोनच असतात, बाकीचे दोन कीबोर्ड वगैरे लावायला लाइन इनपुट. तुम्ही एकटेच आधी गिटार मग आवाज असं एकावर एक चढवणार असाल तर दोन माइकचा पुरे, आणि कंडेन्सर माइक (वीज पुरवल्याशिवाय न चालणारा) असेल तर त्याला ती वीज देणारं 48 व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण आहे ना ते बघा.

आता मशीन. नुसतं रेकॉर्डिंग करायला फार ताकद लागत नाही हे मनात पक्कं करा, म्हणजे दुकानात कोणी घाबरवणार नाही. 24 बिट 48 किलोहर्ट्झ या नेहमीच्या सेटिंगला एक मोनो ट्रॅक (म्हणजे एका माइकचं रेकॉर्डिंग) मिनिटाला साधारण 8.6 एमबी जागा खातो, म्हणजे चार ट्रॅकवर दोन तासांचं अख्खं भजन सव्वाचार जीबीच्या आत बसतं, एवढं लिहून घेणं कुठल्याही एसएसडीला काहीच नाही. जड काय असतं तर नंतरचं काम, आवाजाला घुमारा देणारे (रिव्हर्ब) आणि नॉइज काढणारे प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या सुरांवर (सॅम्पलवर) चालणारी कॉम्प्युटरमधली वाद्यं, एखादा पियानो किंवा स्ट्रिंग्जचा सेट उघडला की रॅम भरायला लागते. म्हणून कागदावर दुसरी ओळ लिहा, खरी वाद्यं वाजवणार की कॉम्प्युटरमधली. खरी असतील तर साधं मशीन घ्या आणि उरलेले पैसे माइकला लावा, मी हे मनापासून सांगतोय, ऐकणाऱ्याला माइक ऐकू येतो, प्रोसेसर नाही.

तिसरी गोष्ट लेटन्सी, आणि इथे जरा थांबतो कारण यातच सगळे अडकतात. आवाज इंटरफेसमधून कॉम्प्युटरमध्ये जातो आणि परत हेडफोनमध्ये येतो त्याला वेळ लागतो, तो बफरवर ठरतो, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती बारीक तुकडे एका वेळी उचलतो त्यावर. 48 किलोहर्ट्झला 128 चा बफर म्हणजे 2.7 मिलिसेकंद, 1024 चा म्हणजे 21 मिलिसेकंद, आणि हे एका बाजूचं, जाऊन येऊन दुप्पट आणि वर थोडं. आम्ही पहिल्यांदा रेकॉर्डिंग लावलं तेव्हा 1024 तसाच राहिला होता, काकांनी हेडफोन लावून अभंग सुरू केला आणि दुसऱ्या ओळीलाच थांबले, म्हणाले अरे मागून कोणीतरी माझ्याच आवाजात गातंय, माझी लय सुटते. 128 वर आणलं आणि तोच अभंग एका दमात झाला. तर मशीन असं पाहिजे की 128 वर चार ट्रॅक चालू असताना कटकट आवाज येऊ नये. रेकॉर्डिंग झालं की मिक्सिंगला खुशाल 1024 करा. आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर गाणाऱ्याला आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट ऐकू येतो, मग हळू मशीनवरही निभावतं. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा असिओ (ASIO) ड्रायव्हर टाका, त्याने लेटन्सी कमी राहते, मॅकला बहुतेक वेळा काही टाकावं लागत नाही.

चौथं, पंख्याचा आवाज. छोट्या डब्यात छोटा पंखा असतो आणि छोटा पंखा जोरात फिरला की बारीक शिट्टीसारखा आवाज करतो. गाणं चालू असताना कळत नाही, पण आलापाच्या आधी नुसता तानपुरा असतो ना, त्या वेळी हेडफोनमध्ये ऐका, तानपुऱ्याच्या मागे एक सूं चालू असतो आणि एकदा तो ऐकू आला की दरवेळी तेवढाच ऐकू येतो. उपाय सोपा आहे, मशीन नका हलवू, माइक लांब न्या, माइकची चांगली एक्सएलआर केबल दहा मीटर असली तरी काही बिघडत नाही, डबा हॉलमध्ये आणि गाणारा आतल्या खोलीत. तेवढी जागा नसेल तर माइकची पाठ डब्याकडे करा. छताचा पंखा बंद हे सांगायला नको.

आता घ्यायचं काय. माझ्या मते तीन रस्ते आहेत. पैसे असतील तर मॅक मिनी एम4, 2024 ला आपल्याकडे 59,900 ला आला, त्यात 16 जीबी रॅम आणि 256 जीबी स्टोरेज, जवळजवळ आवाजच नाही आणि गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा, रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि जुना चौकोनी यूएसबी (यूएसबी-ए) त्याला लागत नाही त्यामुळे तशी केबल असेल तर कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा. दुसरा रस्ता म्हणजे ऑफिसातून निघालेले छोटे डबे, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज दिसतात. यात इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका, कारण विंडोज 11 त्याखाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 ला संपला. बजेट कमी असेल तर मी हेच घेईन, दहाव्या पिढीचा आय5, 16 जीबी रॅम, 512 ची एसएसडी. तिसरे ते इंटेलच्या एन100 या साध्या प्रोसेसरवाले स्वस्त नवे डबे, चार ट्रॅक रेकॉर्ड करायला चालतात, पण कॉम्प्युटरमधली वाद्यं वाजवायची असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

जुना डबा घेताना अडॅप्टर मूळचाच आहे का ते उलटा करून त्यावरचे वॅट वाचा. मला एका दुकानाने दुसराच अडॅप्टर दिला होता, मशीन चालू व्हायचं, सगळं नीट दिसायचं, पण प्रोसेसर मुद्दाम हळू धावत होता आणि मी दोन आठवडे सॉफ्टवेअरमध्येच चूक शोधत बसलो. मूळ अडॅप्टर लावला त्या दिवशी कटकट थांबली. तिथेच उभं राहून रॅम किती दाखवतो तेही बघा, एसएसडीच आहे ना ते बघा, बिल घ्या.

स्क्रीन नवी घेऊ नका, घरचा टीव्ही एचडीएमआयने लावा. सॉफ्टवेअरला रीपर घ्या, साठ दिवस पूर्ण चालतं, तोपर्यंत जमतंय का ते कळतं.

लाइटची सोय मात्र आधी करा. अर्थिंग नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये जाड घूं येतो, 50 हर्ट्झचा, आणि तो नंतर काढायला गेलं तर पखवाजाच्या धुमेचा आवाजही त्याच्याबरोबर पातळ होतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनचा सॉकेट तपासून घ्या, कॉम्प्युटर, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच बोर्डवर लावा. छोट्या डब्यांचा हा फायदा की ते वीज कमी खातात, साध्या यूपीएसवरही लाइट गेल्यावर अभंग पूर्ण होऊन सेव्ह करण्याइतका वेळ मिळतो. एक बाहेरची डिस्कही याच खर्चात धरा, भजन उठलं की चहा होईपर्यंत कॉपी करून टाका.

आणि सगळं जोडून झालं की भजनाच्या दिवसाची वाट न बघता एक तास काढा. वायफाय बंद, चारही माइक लावलेले, बफर 128, आणि सलग तासभर रेकॉर्ड चालू ठेवा, कोणी गात नसलं तरी चालेल, मुलांना टाळ वाजवायला सांगा. मग हेडफोन लावून मधेमधे ऐका, कुठे टक् असा आवाज येतो का, कुठे तुटतं का. येत असेल तर विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं फुकटचं टूल लावून कुठला ड्रायव्हर अडवतोय ते बघता येतं, वायफाय चालू राहिला असेल तर बहुतेक वेळा त्याचाच निघतो. तरीही थांबलं नाही तर डबा परत करायचा, म्हणून हा तास रिटर्नची मुदत असतानाच काढा.