नव्या लॅपटॉपसाठी अँटिव्हायरस निवडताना या चुका टाळा

घरात नवा लॅपटॉप आला की त्याला हळदकुंकू वाहिले जाते आणि बहुधा त्याच संध्याकाळी कोणीतरी विचारते, "याच्यात अँटिव्हायरस कुठला टाकायचा?" प्रश्न रास्त आहे, पण तो एक पायरी गाळून विचारलेला असतो. नवे काय टाकायचे हे ठरवण्याआधी आत आधीपासून काय आहे ते पाहायला हवे. नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे लॅपटॉप लावून देण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे येत आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की सुरक्षेच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका ही पायरी गाळल्यामुळेच होतात. हा लेख विंडोज ११ असलेल्या घरगुती लॅपटॉपपुरता आहे.

आत काय आहे ते न पाहणे

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचे डिफेंडर हे अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत असते. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत आणि ते विंडोज अपडेटमधूनच अद्ययावत होत राहते. मात्र अनेक कंपन्या लॅपटॉप विकतानाच त्यात दुसऱ्या एखाद्या अँटिव्हायरसची मुदतीची चाचणी आवृत्ती घालून देतात. असे दुसरे अँटिव्हायरस सुरू असले की डिफेंडर स्वतःहून बाजूला होते. व्यवस्था म्हणून हे योग्यच आहे, पण घरातल्या माणसांना त्याचा पत्ता नसतो. चाचणीची मुदत संपते, पडद्याच्या कोपऱ्यात रोज लाल सूचना येते, ती रोज बंद केली जाते, आणि नव्या धोक्यांची माहिती मिळणे थांबलेले ते अँटिव्हायरस पहारेकऱ्याच्या जागी नुसते बसून राहते.

म्हणून पहिल्याच दिवशी स्टार्ट मेनूत "विंडोज सिक्युरिटी" शोधून उघडावे आणि त्यातील सेटिंग्जमध्ये "मॅनेज प्रोव्हायडर्स" या ठिकाणी अँटिव्हायरस म्हणून कोणाचे नाव आहे ते वाचावे. तेथे चाचणी आवृत्तीचे नाव असेल आणि ती विकत घ्यायची नसेल, तर मुदत संपण्याची वाट न पाहता ती लगेच काढून टाकावी. ती गेली की लॅपटॉप पुन्हा सुरू करून डिफेंडर चालू झाल्याची त्याच जागी खात्री करावी. या सगळ्याला दहा मिनिटे पुरतात.

एकाला दोन, दोनाला तीन

माझ्या मावसबहिणीने मुलाच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घेतला. त्यात एक चाचणी आवृत्ती आधीच होती, दुकानदाराने बिलासोबत दुसऱ्याच अँटिव्हायरसचा डबा दिला आणि तोही लगेच घातला गेला, आणि मित्राने सांगितले म्हणून मुलाने तिसरे एक फुकटचे उतरवून घेतले. महिन्याभरात लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागू लागला की तो सदोष आहे असे समजून ती तो परत करायला निघाली होती. प्रत्यक्षात त्या लॅपटॉपमध्ये काहीच बिघाड नव्हता; दोन अँटिव्हायरस काढून एकच ठेवल्यावर तो सुरळीत चालू लागला.

असे होण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सतत पहारा देणारे अँटिव्हायरस कोणतीही फाइल उघडली जाण्याच्या क्षणी मध्ये उभे राहते, ती तपासते आणि मगच पुढे जाऊ देते. असे दोन पहारेकरी असले की प्रत्येक फाइलची दोनदा झडती होते, आणि शिवाय एकाने संशयित म्हणून अडकवून ठेवलेली फाइल दुसऱ्याला नवा धोका वाटू शकते. त्याने संरक्षण दुप्पट होत नाही. काही वेळा तर दोघांच्या ओढाताणीत दोघेही नीट काम करीत नाहीत.

काढून टाकतानाही एक चूक होते. पडद्यावरचे चिन्ह पुसले म्हणजे प्रोग्राम गेला असे नसते. तो सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून काढावा लागतो, आणि तरीही त्याचे अवशेष राहिले, "मॅनेज प्रोव्हायडर्स"मध्ये त्याचेच नाव दिसत राहिले किंवा डिफेंडर सुरूच होईना, तर त्या अँटिव्हायरसच्या निर्मात्याने दिलेले खास काढणी साधन वापरावे. बहुतेक मोठे निर्माते असे साधन आपल्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतात.

जाहिरात, डबा आणि किंमत पाहून निवड करणे

आता खरी निवड. घरात एक लॅपटॉप, नियमित अपडेट आणि अधिकृत सॉफ्टवेअर एवढेच असेल, तर माझ्या मते डिफेंडर पुरेसे आहे, आणि हे मी पैसे वाचवण्यासाठी सांगत नाही. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेगावरील परिणाम आणि वापरसुलभता या तिन्हींसाठी प्रत्येकी ६ पैकी गुण देते, आणि अलीकडच्या वर्षांत डिफेंडरला तेथे वारंवार पूर्ण किंवा त्याच्या जवळपास गुण मिळाले आहेत. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्थाही अशाच चाचण्या घेते. दोघींचे निकाल कोणालाही पाहता येतात. विकत घ्यायचेच असेल तर ज्याचे नाव मनात आहे त्याचे गेल्या वर्षभरातील दोनतीन निकाल पाहावेत आणि त्यातही चुकीचे इशारे किती दिले तो रकाना वगळू नये. निर्दोष फाइलला वारंवार विषाणू ठरवणारे अँटिव्हायरस घरातील माणसांना इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करायला शिकवते, आणि ती सवय फार महागात पडते.

कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी पुण्यात दुरुस्तीच्या व्यवसायातून उभी केलेली क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी मराठी घरांत ओळखीची आहे, आणि तिच्याबद्दल वाटणारा अभिमान मलाही आहे. तरीही नाव आपले असो वा परके, कसोटी तीच लावली पाहिजे.

मुलांच्या वापरावर नियंत्रण हवे आहे, किंवा घरात चारपाच यंत्रे आहेत आणि ती एकाच जागेवरून पाहायची आहेत, अशी नेमकी गरज असेल तर पैसे देण्यात अर्थ आहे. डब्यावरील वैशिष्ट्यांची लांबलचक यादी ही मात्र गरज नव्हे. व्हीपीएन (इंटरनेटचा वापर खाजगी ठेवणारी जोडणी), फाइल सफाई आणि वेग वाढवण्याची साधने जोडून किंमत वाढवलेली असते, आणि त्यांपैकी बऱ्याच गोष्टी कोणी एकदाही उघडत नाही.

किमतीबाबत दोन बारकावे आहेत. पहिल्या वर्षी सवलतीत मिळालेले अँटिव्हायरस दुसऱ्या वर्षी पूर्ण दराने नूतनीकरण मागते, म्हणून घेतानाच दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा. ऑनलाइन घेताना नूतनीकरण आपोआप होण्याची खूण आधीच केलेली असू शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून असे आवर्ती पैसे वळते होण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना द्यावी लागते. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागत नाही, तेव्हा तो संदेश वाचला नाही तर पैसे गेल्यावरच कळते.

फुकटाची किंमत

फुकटचे प्रत्येक अँटिव्हायरस वाईट असते असे नाही, परंतु ते कशावर चालते हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अमेरिकेत ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीवर १ कोटी ६५ लाख डॉलरची कारवाई जाहीर केली, कारण वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती तिच्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली गेली होती. ज्याला संरक्षणासाठी आत घेतले त्यानेच ही माहिती बाहेर दिली.

याहून मोठी आणि आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक म्हणजे चोरीचे सॉफ्टवेअर. विंडोज किंवा ऑफिस "ॲक्टिव्हेट" करून देणारे छोटे प्रोग्राम चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, आणि ते करणारा माणूस काम झाल्यावर तो पुन्हा सुरू करीलच असे नाही. पहाराच हटवून आत घेतलेल्या प्रोग्रामपासून कोणतेही अँटिव्हायरस वाचवू शकत नाही. असा लॅपटॉप हाती आला तर मी अँटिव्हायरस बदलत बसत नाही. कामाच्या फाइली बाहेर काढून, त्या तपासून, विंडोज नव्याने घालतो.

खोटे इशारे खरे मानणे

"आपल्या संगणकात पाच विषाणू सापडले" असा इशारा ब्राउझरच्या चौकटीत किंवा कोपऱ्यातील सूचनेत आला, तर तो बहुधा एखाद्या संकेतस्थळाला चुकून दिलेल्या सूचनांच्या परवानगीतून येत असतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून ती परवानगी काढली की इशारे थांबतात. तेथे दिलेल्या क्रमांकावर मात्र कधीही फोन करू नये. अँटिव्हायरसचे नूतनीकरण झाले, हजारो रुपये कापले जाणार, रद्द करायचे तर फोन करा, असा ईमेल हाही त्याच फसवणुकीचा प्रकार आहे, आणि पलीकडचा माणूस दूरस्थ नियंत्रणाचे ॲप उतरवायला सांगतो. ज्येष्ठ मंडळींना हे शांतपणे, न रागावता, आधीच समजावून सांगावे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लॅपटॉपमध्ये खरोखरच काही शिरल्याची शंका असेल, तर केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र मोफत सफाई साधने उपलब्ध करून देते.

अँटिव्हायरस घातले म्हणजे काम झाले असे मानणे

वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर विषाणू १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला, पण त्याने वापरलेली फट बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. अपडेट पुढे ढकलण्याची सवय म्हणूनच घातक ठरते. वॉनाक्रायसारख्या विषाणूंपासून फाइली वाचवण्यासाठी विंडोजमध्ये "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" ही सोय आहे; परवानगी नसलेल्या प्रोग्रामला ती महत्त्वाच्या फोल्डरांतील फाइली बदलू देत नाही. ती मूळ स्थितीत बंद असते आणि सुरू केल्यावर एखादा ओळखीचा प्रोग्रामही डॉक्युमेंट्समध्ये फाइल जतन करू शकेनासा होतो. तसे झाले तर संपूर्ण सोय बंद करू नये, फक्त त्या प्रोग्रामला यादीत परवानगी द्यावी. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क एरवी लॅपटॉपपासून अलग ठेवावी.

शेवटची अडचण अँटिव्हायरसची नसते, पण विषाणूचीच समजली जाते. दुरुस्तीनंतर किंवा बायॉसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनंतर लॅपटॉप सुरू करताच निळा पडदा येतो आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी की मागतो. घाबरून कोणाला तरी लॅपटॉप पुसायला देऊ नये, कारण त्याबरोबर आतले सारे जाईल. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची की त्याच खात्यात साठवली जाते. दुसऱ्या यंत्रावरून त्या खात्यात जाऊन ती मिळते. लॅपटॉप नवा असतानाच ती शोधून कागदावर उतरवावी आणि बिल व वॉरंटी कार्डाच्या पाकिटात ठेवून द्यावी.