झळाळत्या जलरंगांत शरदातला भोपळा

परीक्षेत शून्य गुण मिळाले की आपण ‘भोपळा मिळाला’ असे म्हणतो. जलरंग नुकतेच हाती घेतलेल्या माणसाच्या कागदावर पहिल्यांदा उतरतो तो बहुधा हाच भोपळा असतो. एक गरगरीत वर्तुळ, त्यावर काडीसारखा देठ आणि आत सगळीकडे सारखाच भरलेला केशरी रंग. अशा आकारावर सोनेरी झळाळीचा कितीही महागडा रंग चढवला, तरी ते फार तर चकचकीत संत्रे दिसते. म्हणून झळाळीच्या डबीला हात लावण्यापूर्वी साध्या रंगांत भोपळा उभा करावा. झळाळी कोठे द्यायची यापेक्षा ती कोठे द्यायची नाही, हे आधी ठरवलेले बरे.

दुसरी एक अडचण खास आपली आहे. मंडईत खाप कापून मिळणारा तांबडा भोपळा आपण आतून ओळखतो. त्याचा गर केशरी असला तरी साल बहुतेकदा हिरवट किंवा भुरकट पिवळी असते, आणि आठवणीतून रंगवायला बसल्यास हे दोन्ही रंग एकमेकांत मिसळून चित्र गढूळ होते. शरदाच्या चित्रांत दिसणारा भोपळा उत्तर अमेरिकेतला आहे. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला कोरून दारात ठेवतात तो हा भोपळा. त्याची सालच केशरी असते, कंगोरे ठळक असतात आणि देठ कठीण, पाच धारांचा, बऱ्याचदा पीळ पडलेला असतो. त्या देशांत राहणाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये एक लहानसा भोपळा विकत आणून टेबलावर ठेवावा. इतरांनी एका बाजूने प्रकाश पडलेले स्पष्ट छायाचित्र समोर ठेवावे.

साहित्य फार लागत नाही, मात्र कागदाच्या बाबतीत काटकसर करू नये. ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा, किंचित खडबडीत पोताचा कोल्ड प्रेस्ड कागद घ्यावा, कारण वहीचा पातळ कागद पहिल्याच ओल्या थराला फुगून त्याच्या खळग्यांत पाणी साचते. गोल टोकाचे दोन ब्रश, आठ आणि दोन क्रमांकाचे, पुरेसे आहेत. साध्या रंगांत केशरीकडे झुकणारा ऊबदार पिवळा, केशरी, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन निळा आणि सॅप ग्रीन (पिवळसर हिरवा) हवेत. त्यासाठी कॅमलच्या नेहमीच्या ट्यूबाही चालतात. झळाळीसाठी एक सोनेरी आणि एक तांब्याच्या छटेचा असे दोनच रंग घ्यावेत. जपानच्या कुरेताके कंपनीचा सोनेरी छटांच्या सहा वड्यांचा संच किंवा डॅनियल स्मिथ या अमेरिकी कंपनीच्या झळाळत्या ट्यूबा हे त्यांतले परिचित पर्याय आहेत. पाण्याची भांडी मात्र दोन ठेवावीत. झळाळीचा ब्रश ज्या पाण्यात खळबळला जातो त्यात चमकदार कण तरंगत राहतात, आणि तेच पाणी साध्या रंगात गेले की चित्राच्या कोपऱ्याकोपऱ्यांत नको तेथे चमक उमटते.

हे कण म्हणजे हस्तकलेच्या दुकानातली चमकी नव्हे. ते अभ्रकाचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. पापुद्रे कागदावर आडवे पसरले की आरशाच्या तुकड्यांसारखे ठरावीक दिशेनेच प्रकाश परतवतात, त्यामुळे कागद कलता केला की रंग पेटतो आणि सरळ धरला की विझतो. या स्वभावातूनच आपला नियम निघतो. पांढऱ्या कागदाच्या उजळ भागावर ही झळाळी जवळपास हरवते, उलट ती मळकट दिसण्याचीच शक्यता अधिक. गडद छायेवर ती सर्वांत जास्त उठते, पण तेथे दिली तर एका कोनातून छायाच प्रकाशापेक्षा उजळ होते आणि भोपळ्याचा गोलवा मोडतो. तिची खरी जागा या दोहोंच्या मध्ये, मध्यम छटेच्या पट्ट्यात आहे. कंगोऱ्याचा फुगवटा जेथे खाचेकडे उतरू लागतो, तेथे.

रेखाटन एचबी पेन्सिलीने अगदी हलके करावे. सुमारे १० सेंमी रुंद आणि ८ सेंमी उंच असा दबका लंबगोल काढावा, आणि वरच्या कडेपासून सव्वा सेंमी खाली देठाचा बुंधा दाखवावा. देठ वरच्या कडेलाच चिकटवला तर भोपळा फुग्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो एका खळग्यातून उगवतो आणि मागचे कंगोरे त्याच्या पाठीमागे लहान टेकड्यांसारखे डोकावतात. समोरच्या कंगोऱ्यांची रुंदी मध्यापासून कडेकडे कमी होत गेली पाहिजे. मधला २.८ सेंमी, त्याच्या दोन्ही बाजूंचे २.१ सेंमी आणि कडेचे १.५ सेंमी धरले की दहा सेंमी बरोबर भरतात. ही मोजपट्टी पहिल्या दोन चित्रांपुरतीच वापरावी, पुढे नजर आपोआप तयार होते. बाह्यरेषा खाचांपाशी किंचित आत वळवायला विसरू नये.

आता रंग. प्रकाश डावीकडून वरून येतो असे ठरवून कागदाच्या कडेला पेन्सिलीने एक बाण काढून ठेवावा, कारण अर्ध्यावर गेल्यावर हे हमखास विसरते. सर्व कंगोरे एकदम रंगवू नयेत. पहिला, तिसरा आणि पाचवा रंगवून पूर्ण वाळू द्यावेत आणि मग दुसरा व चौथा घ्यावा, म्हणजे शेजारचे रंग एकमेकांत ओघळत नाहीत आणि खाचा आपोआप रेखीव राहतात.

एक कंगोरा सावकाश पाहू. स्वच्छ पाण्याने तो आतून ओला करावा. कागद चकाकला पाहिजे, पण पाण्याचे थारोळे साचता कामा नये. ताकाइतक्या पातळ पिवळ्या रंगाचा हात सर्वत्र फिरवून डावीकडच्या फुगवट्यावर बोटाच्या पेराएवढी जागा जवळपास कोरी सोडावी. चकाकी अजून आहे तोवर दोन्ही कडांना सरसरीत केशरी रंग टेकवावा आणि ब्रश उचलावा. रंग स्वतःहून आत पसरत मऊ होतो, त्याला ओढण्याचा मोह टाळावा. उजवीकडच्या कडेला त्याहून दाट बर्न्ट सिएनाचे दोन-तीन ठिपके द्यावेत. या क्षणी दुरुस्तीसाठी पाण्याचा थेंब टाकला, तर अर्धवट वाळलेला रंग बाजूला ढकलला जाऊन फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उठतो. माझ्या पहिल्या चारही भोपळ्यांवर हे डाग आहेत. डाग पडलाच तर तो वाळू द्यावा आणि त्यावर पुढचा थर चढवावा, ओला असताना पुसू नये.

खाचांतील छायेसाठी काळा रंग वापरू नये, तो केशरीला निर्जीव करतो. केशरी आणि निळा हे एकमेकांचे विरोधी रंग असल्यामुळे केशरीत चिमूटभर अल्ट्रामरीन मिसळले की एक ऊबदार तपकिरी करडा रंग मिळतो. तो दोन क्रमांकाच्या ब्रशाने खाचेत वर आणि खाली जाड, मध्ये बारीक असा लावावा. जमिनीवरील पडछाया अल्ट्रामरीन आणि थोड्या बर्न्ट सिएनाची, भोपळ्याच्या अगदी बुडाशी सर्वांत गडद आणि उजवीकडे विरत जाणारी असावी. ती नसेल तर भोपळा हवेत तरंगतो. देठ सॅप ग्रीन आणि बर्न्ट सिएनाने रंगवून त्याच्या धारा सुक्या ब्रशाने ओढाव्यात.

यानंतर चित्र खरोखरच वाळले पाहिजे. हाताच्या मागच्या बाजूला कागद थंड लागला, तर आत ओल आहे असे समजावे. हिवाळ्याच्या तोंडावर हीटर चालू असलेल्या घरात अर्धा तास पुरतो, पावसाळ्यातल्या मुंबईत मात्र पंख्याखालीही तास-दीड तास लागू शकतो.

झळाळीच्या वडीवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून दोन मिनिटे थांबावे आणि मग ब्रशाने घोळवून तो रंग सायीसारखा दाट करून घ्यावा. पातळ झाल्यास पापुद्रे विरळ होतात आणि चमक ठिपक्याठिपक्यांनी येते. अभ्रक तळाशी बसत असल्यामुळे प्रत्येक वेळी रंग घेताना तो पुन्हा ढवळावा. डावीकडच्या कंगोऱ्यांच्या उतारावर सोनेरी रंगाचा, कंगोऱ्याच्या वळणाप्रमाणे जाणारा, दोन्ही टोकांना निमुळता असा एकच फटकारा द्यावा. उजवीकडच्या कंगोऱ्यांवर तांब्याची छटा आणि तीही अधिक अरुंद पट्ट्यात द्यावी. पट्ट्याची एक कड ओल्या स्वच्छ ब्रशाने मऊ करावी. खाचा, पडछाया आणि कोरी सोडलेली उजळ जागा यांना हात लावू नये. देठाच्या एकाच धारेवर सोन्याची बारीक रेघ ओढली, तर ती शोभून दिसते. थर वाळेपर्यंत चमक कळत नाही, त्यामुळे ओला रंग पाहून दुसरा हात फिरवण्याची घाई करू नये. हेअर ड्रायरचा जोराचा झोतही टाळावा, कारण त्याने कण सरकून एका कडेला गोळा होतात.

भोवती गळत्या पानांचा आभास हवा असेल, तर भोपळ्यावर कागदाचा तुकडा झाकून सोनेरी रंगाने भरलेला ब्रश बोटावर आपटावा, चार-सहा शिंतोडे पुष्कळ होतात.

वाळलेले चित्र खिडकीपाशी धरून कलते करून पाहावे. फुगवटे पेटले आणि खाचा तशाच शांत राहिल्या, तर काम जमले आहे. खाचाही चमकत असतील, तर तेथे तपकिरी करड्या रंगाचा एक पातळ थर द्यावा, त्याने झळाळी बरीचशी दबते. हे चित्र कोणाला पाठवायचे असल्यास स्कॅन करू नये, सपाट प्रकाशात सोने राखाडी उतरते. दिवसाच्या तिरप्या उजेडात, फोन किंचित बाजूला धरून छायाचित्र घ्यावे. ब्रश मात्र लगेच साबणाने धुवावा, कारण केसांच्या मुळाशी अडकलेले अभ्रक पुढच्या चित्रातल्या आकाशात चमकते.