‘श्यामची आई’ वाचून दाखवताना

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात प्रकरणांऐवजी ४२ रात्री आहेत, म्हणून निजताना रोज एकच रात्र वाचा. क्रम मोडला तरी चालतो. मी नातवाला आधी पोहण्याची गोष्ट वाचते. भीतीनं लपून बसलेला श्याम, त्याला मारून विहिरीवर धाडणारी आई. ‘आईनं मारलं का गं, आजी?’ असं मूल विचारतंच. उपदेश करू नका, पुढं वाचा; वळ पाहून तिचेही डोळे भरतात. सोवळं, पत्रावळ हे शब्द वाचता वाचताच सांगा. शेवटच्या रात्री, आईच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या, सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवा. मूल रडेल, त्याला जवळ घेऊन बसायला वेळ हवा.